दरडग्रस्त वाडीतील मुलांचा डेटा इतर संशोधकांना खुला करावा का?

प्रश्न : घाटपायथा

नमस्कार. मी बालविकास या विषयात काम करते. सह्याद्रीत दरड कोसळल्यानंतर पुनर्वसन झालेल्या दोन वाड्यांवर माझे गेली काही वर्षे जाणे-येणे आहे. (संपादन : पहिला प्रतिसाद वाचल्यानंतर या परिच्छेदातील तीन तपशील मी काढून टाकले आहेत.) तीन ते सहा वर्षांच्या मुलांची भाषा, मोजणी, बोटांची हालचाल, इतर मुलांत मिसळणे, भीती आणि झोप यांची नोंद आम्ही ठरावीक महिन्यांच्या अंतराने करतो. आईला, किंवा मूल ज्यांच्याकडे वाढते आहे त्या आजीला अथवा काकूला काही प्रश्न विचारतो आणि शेवटी मुलाला कागद-खडू देऊन हवे ते चित्र काढू देतो. मुले शंभराच्या आतच आहेत, कारण वाड्याच तेवढ्या आहेत.

पेच असा आहे. या कामावरील आमचा लेख एका नियतकालिकाने स्वीकारला आहे, परंतु लेखामागचा मूळ डेटा सार्वजनिक संग्रहात ठेवावा अशी त्यांची अट आहे. आमच्याबरोबर काम करणाऱ्या परदेशी विद्यापीठातील सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, मुलांची आणि वाड्यांची नावे काढून टाकली की प्रश्न मिटतो. मला तो मिटल्यासारखा वाटत नाही. संमतिपत्रात आम्ही ‘माहिती गोपनीय ठेवली जाईल व केवळ संशोधनासाठी वापरली जाईल’ असे लिहिले होते. ते वाचून दाखविले तेव्हा समोरच्या आजींच्या मनात ‘संशोधन’ म्हणजे मी, माझी पिशवी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी एवढेच असणार. जगात कुठेही बसलेला कोणीही ही फाईल उतरवून घेऊ शकेल, हे त्यांना आम्ही सांगितले नव्हते, कारण तेव्हा आम्हालाच ते ठाऊक नव्हते.

दुसरीकडे, डेटा कुलूपबंद ठेवण्याचे दुष्परिणामही मी पाहिले आहेत. काम सुरू करण्यापूर्वी अशाच आपत्तींनंतर मुलांची पाहणी केलेल्या तीन ठिकाणी मी पत्रे लिहिली होती. एका ठिकाणाहून उत्तर आले नाही, दुसऱ्या ठिकाणी ते काम करणारी विद्यार्थिनी सोडून गेली होती, आणि तिसऱ्या संस्थेत सगळी माहिती ज्या पेनड्राइव्हवर होती तो सापडत नव्हता. त्यामुळे आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्याच भेटीत एका साडेचार वर्षांच्या मुलाने माझी पिशवी पाहून विचारले, ‘आज पण चौकोन काढायचा?’ चौकशी केल्यावर समजले की, पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्याच एका गटाने येऊन तीच चाचणी घेतली होती. त्या दिवशी त्याने चौकोन फार सुबक काढला. तो त्याच्या विकासाचा पुरावा मानायचा की सरावाचा, हे मी आजही सांगू शकत नाही.

तेव्हा जाणकारांना विचारते : हा डेटा द्यावा का, द्यायचा तर कोणत्या रूपात द्यावा, आणि जुन्या संमतीचे काय करावे?

प्रतिसाद १ : आकडेमोड

सर्वप्रथम एक अप्रिय गोष्ट. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या परिच्छेदात वर्ष, दिशा आणि शाळेविषयीचे एक वाक्य आहे. त्या तिन्हींवरून मी जुन्या बातम्या चाळल्या आणि साधारण दहा मिनिटांत दोन्ही वाड्या ओळखल्या. नावे येथे लिहीत नाही. कृपया ते तपशील काढून टाका. तुमच्या सहकाऱ्यांना माझे उत्तरही हेच आहे.

नाव हा ओळखीचा एक धागा झाला. इतर धागे एकत्र आले की तो लागतही नाही. लतान्या स्वीनी या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी १९९० च्या अमेरिकी जनगणनेच्या आधारे दाखविले होते की, पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टी मिळाल्या तर तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात. ही गोष्ट कोट्यवधींच्या देशातली. इर्शाळवाडीसारख्या जेमतेम सव्वादोनशे वस्तीच्या वाडीत काय होईल याची कल्पना करा. १९ जुलै २०२३ च्या रात्री तेथे दरड कोसळली, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. कोणत्या घरातले कोण गेले हे त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी छापले. काही मुले त्या रात्री आश्रमशाळेत असल्यामुळे वाचली, हेही छापून आले. अशा ठिकाणच्या डेटात ‘मुलगी, वय ५८ महिने, घरातील मृत्यू ३, सांभाळ आजीकडे’ एवढी एक ओळ असली, तर गावातल्या कोणालाही, आणि चिकाटी असलेल्या बाहेरच्यालाही, ती मुलगी कोण हे कळेल. पुढच्या रकान्यात ‘अंथरुणात लघवी : होय’ असे असेल, तर ती सोळा वर्षांची झाल्यावरही ते तेथेच असणार आहे.

छोट्या वस्तीत धोका आणखी एका बाजूने वाढतो. मोठ्या पाहणीत काही हजारांतून काही जणच निवडलेले असतात, त्यामुळे आपल्या ओळखीचे मूल त्या फाईलमध्ये आहे की नाही हेच शोधणाऱ्याला ठाऊक नसते. तुमच्या पाहणीत वाडीतले प्रत्येक मूल आहे. नमुना निवडलाच नाही, तर नमुन्यामुळे मिळणारा आडोसाही नाही.

आता उपायांकडे. वय महिन्यांत हवेच, कारण विकासाचे गुण वयानुसारच लावले जातात आणि उंची आणि वजन वयाच्या मानाने ठीक आहे का हेही जन्मतारखेशिवाय नीट काढता येत नाही. त्यामुळे आधी स्वतःकडे सर्व गुण काढून घ्या आणि नंतर बाहेर देण्याच्या प्रतीतून जन्मतारीख, पाहणीची तारीख आणि महिन्यांतील वय काढून सहा महिन्यांचे वयोगट ठेवा. घरातील मृत्यूंची संख्या ‘होय/नाही’ एवढीच करा आणि तीही धोक्याची वाटली तर गाळा. दोन्ही वाड्या एकत्र करा. मोबाईलवर कोबोटूलबॉक्ससारख्या फॉर्ममधून माहिती भरली असेल, तर फॉर्म उघडल्याची वेळ, उपकरणाचा क्रमांक आणि विचारले असल्यास अक्षांश-रेखांश हे रकाने आपोआप साठलेले असू शकतात. ते बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. सर्वांत घातक असतो तो शेवटचा ‘शेरा’ हा रकाना. तेथे पाहणी करणारी विद्यार्थिनी मोठ्या मायेने ‘हिचे वडील बैल सोडायला परत गेले होते’ असे लिहून ठेवते. तो रकाना संपूर्ण काढा. चित्रांचेही तसेच. आपण शिकविलेले असल्यामुळे मुले चित्राच्या कोपऱ्यात नाव लिहितातच.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी कामाचे समन्वय करणाऱ्या कार्यालयाने २०१४ मध्ये ‘ह्युमॅनिटेरियन डेटा एक्स्चेंज’ हा खुला संग्रह सुरू केला. तेथे कुटुंबनिहाय पाहणीचा डेटा आला की तो खुला करण्यापूर्वी पुन्हा ओळख पटण्याचा धोका मोजतात आणि तो ३ टक्क्यांच्या वर निघाला तर फाईल तशीच खुली करीत नाहीत. हे मोजण्याचे ‘एसडीसीमायक्रो’ नावाचे साधन फुकट मिळते. तुमची फाईल त्यातून काढून पाहा. माझा अंदाज असा की, वर सांगितलेली सगळी काटछाट करूनही शंभराच्या आतल्या मुलांचा डेटा त्या मर्यादेत बसणार नाही, आणि बसेपर्यंत छाटत गेलात तर त्यात संशोधनाच्या उपयोगाचे फारसे काही उरणार नाही.

प्रतिसाद २ : जुनी दप्तरे

आकडेमोड यांचे गणित मान्य आहे, पण त्यातून ‘म्हणून देऊ नका’ हा निष्कर्ष घाईने काढला जाऊ नये असे वाटते. संकटात वाढलेल्या मुलांविषयी जगाला आज जे ठाऊक आहे, त्यातील बराच भाग कोणीतरी कागद जपून ठेवले म्हणून ठाऊक आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला आणि माणशी शिधा दिवसाला १,००० कॅलरींच्याही खाली गेला. त्या सुमारास ॲमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना रुग्णालयात झालेल्या जन्मांच्या नोंदी शिल्लक राहिल्या. त्यांच्या आधारे पुढे २,४१४ बालकांचा एक गट निश्चित करता आला आणि आईच्या पोटात असताना सोसलेल्या उपासमारीचा पन्नाशीतल्या माणसाच्या हृदयाशी, साखरेशी काय संबंध असतो हे तपासता आले. त्या सुइणींनी आणि डॉक्टरांनी हे संशोधन डोळ्यांसमोर ठेवून काहीच लिहिले नव्हते. त्यांनी वजन नीट लिहिले आणि वही फेकली नाही, इतकेच.

घाटपायथा यांनी सांगितलेली पेनड्राइव्हची गोष्ट मला म्हणूनच जास्त अस्वस्थ करते. आपल्याकडे आपत्तीनंतर मुलांची पाहणी होत नाही असे नाही. पाहणी होते, प्रबंध होतो, पदवी मिळते आणि प्रश्नावल्या रद्दीत जातात. पुढची दरड कोसळली की नवा गट तेच चौकोन घेऊन निघतो.

शिवाय ‘डेटा देणे’ म्हणजे फक्त मुलांच्या ओळी देणे, असे समजण्याचे कारण नाही. तुमची मराठी प्रश्नावली, तिचे वाडीच्या बोलीत केलेले रूप, कोणता प्रश्न मुलांना कळला नाही आणि का, पाहणी कोणत्या महिन्यात झाली, त्या दिवशी रेड अलर्ट होता का, हे सारे निर्धास्त खुले करता येते. माझ्या मते तुमच्याकडची सर्वांत दुर्मीळ वस्तू तीच आहे. विकास मोजण्याच्या काही साधनांत ‘बाजारात विकत मिळणाऱ्या खाण्याच्या वस्तू सांग’ अशा स्वरूपाचा प्रश्न असतो. ठाकर वाडीतल्या मुलाला करटोली, कुरडू, शेवळे, खेकडे, चिंबोऱ्या असे वीस शब्द धडाधड येतात, पण त्यांतले त्याच्या घरी विकत काहीच येत नाही, म्हणून ते मूल विचारात पडते आणि त्याला दोन गुण मिळतात. आषाढात झोपेविषयी विचारले तर एक उत्तर मिळते आणि माघात विचारले तर दुसरे. अशी टिपणे सोबत नसतील तर दूर बसलेला अभ्यासक त्या दोन गुणांचा अर्थ ‘भाषाविकासात मागे’ असा लावील आणि मोकळा होईल.

प्रतिसाद ३ : तेरणाकाठ

मी संशोधक नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, आमच्या भागात भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे उद्ध्वस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली, हे आकडे सर्वांना पाठ आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या मुलांकडे तेव्हा किती जण कागद घेऊन आले, हे मात्र कोठे मोजलेले माझ्या पाहण्यात नाही.

‘घरातले किती गेले?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की, पुढे पुढे समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच मी बोटे वर करीत असे. माझ्या धाकट्या भावाला वाटायचे की हा खेळच आहे, आणि तोही बोटे वर करायचा, कधी तीन, कधी पाच. कोणीतरी ती पाच बोटेही लिहून नेली असतील.

चित्रांचे सांगते. आम्हाला कागद आणि स्केचपेन देऊन ‘काय हवे ते काढा’ असे सांगत. पहिल्यांदा मी मोर काढला. बाईंनी ‘छान’ म्हटले आणि पुढे गेल्या. शेजारच्या मुलाने पडलेले घर काढले होते. त्याच्याजवळ त्या बराच वेळ बसल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरविला, आणि चित्र बरोबर घेऊन गेल्या. पुढच्या वेळी आम्ही सगळ्यांनी पडलेली घरे काढली. ती चित्रे जर कोठे जपून ठेवली असतील आणि त्यांवरून कोणी आमच्या मनाविषयी काही लिहिले असेल, तर तेवढे एक वाक्य त्याखाली जोडावे, एवढीच माझी विनंती आहे.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. माझ्याविषयीचे ते कागद आज कोठे आहेत हे मला जाणून घ्यायला आवडेल. राग आहे म्हणून नव्हे. त्या दोन वर्षांतले माझे मला फार थोडे आठवते आणि माझ्याविषयी सांगू शकतील अशी माणसे आता उरलेली नाहीत. एखाद्या वहीत ‘मुलगी बोलत नाही, भावाचा हात सोडत नाही’ असे लिहिलेले असेल, तर ते वाचण्याचा पहिला हक्क माझा आहे असे मला वाटते. त्यामुळे नावे कायमची पुसून टाकण्याचा सल्ला ऐकला की माझी थोडी द्विधा अवस्था होते. जगासाठी पुसा, पण मोठी होऊन ती मुलगी स्वतः विचारायला आली तर तिचे पान सापडले पाहिजे.

प्रतिसाद ४ : दुसरी बाजू

मी एका संस्थेच्या नैतिकता समितीवर काही वर्षे काम केले आहे. संमतीपुरते लिहितो, आणि कायद्याविषयी जे लिहीन तो माझा अर्थ समजावा. प्रत्यक्ष निर्णयाआधी वकिलाला विचारावे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मानवतावादी संकटे व आपत्ती यांच्या काळातील संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती तर हवीच. शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा लागतो. तुमची मुले सातच्या आतली आहेत, पण काम अनेक वर्षे चालणार असेल तर ती सातची होतील, बाराची होतील, आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्यांची स्वतःची संमती नव्याने घ्यावी लागेल. तेरणाकाठ यांनी मागितलेला हक्क त्या टप्प्यावर कागदावर आणता येतो, मात्र त्यासाठी नाव आणि क्रमांक जोडणारी यादी सुरक्षित ठेवलेली असली पाहिजे.

संकटातली संमती पाहताना मी कायम एक प्रश्न विचारत असे : सही करणाऱ्याला हा कागद मदतीच्या यादीचा भाग वाटला असेल का? याचे फार मोठे उदाहरण बांगलादेशात घडले. २०१७ मध्ये म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने बांगलादेश सरकारबरोबर केली आणि ओळखपत्रे दिली. ती मदत मिळण्यासाठी आवश्यक होती. ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने जून २०२१ मध्ये असे मांडले की, किमान ८,३०,००० रोहिंग्यांची माहिती बांगलादेशाने म्यानमार सरकारच्या, म्हणजे ज्याच्या सैन्यापासून ही माणसे पळाली त्याच सरकारच्या, हवाली केली, आणि मुलाखत घेतलेल्यांपैकी बहुतेकांना ती अशी दिली जाणार असल्याचे सांगितले गेलेच नव्हते. उच्चायुक्तालयाने हे अमान्य केले. निर्वासितांना कल्पना देऊन संमती घेतली होती असे त्यांचे म्हणणे होते. दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, ज्या टेबलावर धान्याचे कार्ड मिळते त्याच टेबलावर विचारलेल्या ‘चालेल ना?’ या प्रश्नाला कोणी ‘नाही’ म्हणत नाही, एवढे त्यातून दिसते. त्या यादीत लहान मुलेही होती, आणि त्यांना तर कोणी विचारलेही नसणार.

आपल्याकडे लोक म्हणतील, ‘येथे कोण कशाला मुलांची माहिती शोधतो?’ मे २०२१ आठवा. कोविडने आईवडील गेलेल्या मुलांची माहिती देऊन दत्तक घेण्याचे आवाहन करणारे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत होते आणि त्यांच्या आडून मुलांची तस्करी होण्याची भीती असल्याने यंत्रणांना इशारे द्यावे लागले होते. आजीकडे राहणाऱ्या अनाथ मुलांची वाडीनिहाय यादी म्हणजे नेमकी हीच माहिती. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यावर बंदी आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. संशोधनासाठी त्यात सवलत आहे, पण त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाणार नाही, ही तिची अट आहे.

आता तुमच्या संमतिपत्राकडे येतो. ‘केवळ संशोधनासाठी’ या शब्दांत दुसऱ्यांचे संशोधन ओढूनताणून बसविता येईल, आणि अनेक जण तसे बसवितात. ‘गोपनीय’ हा शब्द मात्र सार्वजनिक संग्रहाला सरळ छेद देतो. समितीवर असतो तर मी एवढेच म्हटले असते : परत जा आणि पुन्हा विचारा. मुले शंभराच्या आत आहेत, म्हणजे घरे साठ-सत्तर असतील. हे अशक्य काम नाही. अनाथ मुलांच्या बाबतीत सांभाळणारी काकू ही कायद्याने पालक आहे की नाही, हे बालकल्याण समितीकडून समजून घ्या. सही मिळाली म्हणजे झाले, असे तेथे चालत नाही. आणि नियतकालिकाला पत्र लिहा. बहुतेक नियतकालिकांच्या खुल्या डेटाच्या धोरणात मानवी सहभागींच्या सुरक्षिततेसाठी अपवादाची सोय असते : फाईल संस्थेकडे राहते, मागणाऱ्याने कारण लिहून द्यायचे, समितीने ते तपासायचे, आणि ओळख शोधणार नाही असा करार करून मगच ती द्यायची.

प्रतिसाद ५ : पर्यवेक्षिका

मी अंगणवाडीच्या बाजूने लिहिते. आमच्या सेविका पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर दर महिन्याला मुलांचे वजन-उंची भरतात, शिवाय रजिस्टर आहेच. आपत्तीनंतर संशोधक येतात तेव्हा मुले गोळा करून देणे, आयांना बोलाविणे, सतरंजी घालणे हे काम त्याच सेविकेकडे येते. ती अनेकदा त्याच वाडीची असते. तिच्याही घरातले कोणीतरी गेलेले असते. तिला शेवटी काय मिळते? बहुधा ‘आभार’ या सदरात एक ओळ, तीही इंग्रजीत.

डेटा कोणाला द्यावा ही चर्चा चालली आहे तर माझे म्हणणे असे, की पहिला तिला द्यावा. कोणते मूल बोलण्यात मागे आहे हे तुम्हाला तिसऱ्या भेटीत समजले असेल, तर पाठविण्यासाठी जागा आहे : २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. मी अशी एक पाहणी पाहिली आहे, जिच्यात एका मुलाला ऐकू कमी येते हे वहीत दोन वेळा लिहिलेले होते आणि आम्हाला ते वर्षभराने, योगायोगाने, एका विद्यार्थिनीच्या बोलण्यातून समजले. तिचे म्हणणे होते, ‘माहिती गोपनीय होती.’ अशा गोपनीयतेचा त्या मुलाला काय उपयोग झाला?

उपप्रतिसाद : दुसरी बाजू

पर्यवेक्षिकाताई, तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि माझ्या उत्तरात तो विषय राहून गेला होता. संशोधनाची सवलत ‘व्यक्तीविषयी निर्णय नाही’ या अटीवर आहे, आणि मुलाला केंद्रात पाठविणे हा त्या मुलाविषयीचाच निर्णय आहे. म्हणून सवलतीवर विसंबू नये. ‘काही अडचण दिसली तर अंगणवाडीताईंना आणि दवाखान्याला कळवू का?’ असा वेगळा प्रश्न संमतिपत्रात पहिल्या दिवसापासून असावा आणि त्याचे ‘होय’ वेगळे घ्यावे. आजवर मला तरी या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी आई भेटलेली नाही.

घाटपायथा

सर्वांचे मनापासून आभार. आकडेमोड, तुमचा प्रतिसाद वाचून मी प्रथम प्रश्न दुरुस्त केला आणि नंतर बराच वेळ नुसती बसून राहिले, कारण ते शाळेविषयीचे वाक्य मी लेखातही लिहिले आहे. छपाईआधीच्या मुद्रितात ते काढण्यासाठी आज पत्र पाठविले.

पुढचे असे ठरविले आहे. संपादकांना अपवादासाठी विनंती केली आहे. मराठी प्रश्नावली, बोलीतले शब्द आणि कोणता प्रश्न कोठे अडला याची टिपणे खुली ठेवणार आहोत. त्यांत एकाही मुलाची ओळ नसेल. ‘चौकोन’ची हकिकतही त्या टिपणांत जाईल, म्हणजे पुढे येणाऱ्यांना निदान कोणती चाचणी मुलांच्या हातात बसली आहे हे कळेल. मुलांची फाईल समितीकडे राहील. नावांची यादी वेगळ्या कुलपात, आणि ती कोण, कधी, कोणाच्या मागणीवरून उघडू शकेल याचा एक पानाचा नियम तेरणाकाठ यांचे शेवटचे वाक्य समोर ठेवून लिहिला आहे.

वाड्यांवर लावणी उरकल्यावर जाणार आहोत, कारण आत्ता घरी कोणी सापडणार नाही आणि सापडले तरी पावसाच्या दिवसांत हा विषय काढणे मला बरे वाटत नाही. संमतीचे तीन वेगवेगळे प्रश्न केले आहेत : आमच्यासाठी, इतर संशोधकांसाठी, आणि अंगणवाडीताईंना कळविण्यासाठी. पहिल्याला ‘होय’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ म्हणता येते हे आधीच मोठ्याने सांगणार आहोत. कोणी ‘नाही’ म्हटले तर त्या घराच्या ओळी बाहेरच्या प्रतीतून निघतील. त्यामुळे लेखातील आकडे आणि फाईलमधील आकडे जुळणार नाहीत, तशी टीप टाकू.

आकडेमोड

ती टीप टाकताना किती घरांनी ‘नाही’ म्हटले याचा आकडा मात्र देऊ नका. एखादेच घर असेल, तर वाडीत ते कोणते हे सर्वांना समजेल. आणि पाहणी करणाऱ्या विद्यार्थिनींच्या नावांचा रकाना काढलात का? त्यांतली एखादी वाडीची भाची किंवा सून असेल, तर तिच्या नावावरूनही घर सापडते.

घाटपायथा

एक भाची आहे. रकाना काढते.